एकशे साठचं जेट

३ फेब्रुवारी, मंगळवार

दादाला क्लबचं पत्र आलं. एकोणतीस मार्चला जुन्या रेसर्सचा मेळावा. दादा प्रमुख पाहुणा. त्याची शेवटच्या शर्यतीतली मोटोक्रॉसची गाडी शेजारी उभी करता आली तर फार बरं होईल, असंही लिहिलंय. मला तीनदा वाचायला लावलं. चष्मा त्याच्या नाकावरच होता.

मग म्हणाला, "शेडमधून काढ. पूस. टायरांत हवा भर. इंजिनाला हात लावू नकोस."

"का?"

"एकदा लावलास, तेवढा पुरे झाला."

५ फेब्रुवारी

शेडची किल्ली आधी बाबांच्या करगोट्याला असायची, आता दादाच्या उशाशी खिळ्याला असते. चौतीस वर्षांत आज पहिल्यांदा माझ्या हातात आली.

ताडपत्रीचे हातातच तुकडे झाले. सीट उंदरांनी पोखरलेली. स्पोक गंजून सुतळीसारखे. हँडल उजवीकडे वाकलेलं, तसंच. पुढच्या पाटीवरचा सत्तावीस नंबर अजून वाचता येतो. या गाडीला दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. मातीच्या टेकाडांवरून उड्या मारायच्या, एवढ्याचसाठी केलेली. किकवर उभा राहिलो. हलली नाही. इंजिन जाम. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा कार्बोरेटर जागेवर नाही — कोणीतरी काढून नेलाय आणि भोकात स्वच्छ कापडाचा बोळा कोंबलाय. चोर असता तर बोळा कोंबत बसला नसता.

मागे पेट्रोलचा पत्र्याचा कॅन. त्याच्या मुठीला लाल चिंधी. गाठ माझी.

६ फेब्रुवारी

लिहून ठेवतो. नाहीतर माझ्याच डोक्यात पुन्हा गोंधळ होईल.

असल्या इंजिनाला तेल वेगळं जात नाही. पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. विसरलं की पिस्टन सिलिंडरला चिकटतो आणि मागचं चाक धावता धावता बसतं. म्हणून बाबांचा नियम होता — कॅनमध्ये तेल घातलं की मुठीला लाल चिंधी. चिंधी नसेल त्या कॅनला शिवायचं नाही.

शर्यतीच्या त्या रविवारी मी बावीस वर्षांचा होतो, दादा सत्तावीसचा. शेवटून दुसऱ्या फेरीत, लांब सरळ पट्ट्यावर, मागचं चाक बसलं. दादा हँडलवरून पुढे फेकला गेला. मागून येणारी गाडी त्याच्या कमरेवरून गेली; त्यानंतर तो उभा राहिला नाही. बाबा आधी गाडी घरी घेऊन गेले. संध्याकाळी इस्पितळात आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेल नव्हतं." बाबा चाळीस वर्षं मुरलेले मेकॅनिक. पुढे कोणी काही विचारलं नाही. मीसुद्धा.

माझ्या खिशात एका कंपनीच्या रेसिंग टीमचं पत्र होतं. सोमवारी मेकॅनिक म्हणून हजर व्हायचं होतं. सोमवारी मी दादाचं भांडं धरून उभा होतो. अजून धरतोय. बाबा नंतर चौदा वर्षं जगले. माझ्याशी बोलले ते मीठ दे, दार लाव, एवढंच.

मी तेल घातल्याचं मला आठवतं. पण इतक्यांदा 'घातलं नाहीस' ऐकल्यावर आठवणही झिजते. आता हात आठवतो, बाटली आठवते, धार आठवत नाही.

दादाच्या डोक्यालाही मार होता. त्या दिवसातलं त्याला सकाळच्या चहानंतर काहीही आठवत नाही. आठवत काही नाही, पण खात्री आहे.

चिंधी दाखवली त्याला. म्हणाला, "चिंधी काय, मागाहूनही बांधता येते."

८ फेब्रुवारी, रविवार

ताई आली. आमची सगळ्यांत मोठी. दर रविवारी येते, दोन भावांत भांडण नाही ना ते बघायला. नसलं तर लावून जाते.

मी चहा केला. कप तोंडाला लावायच्या आधी तिने विचारलंच, "साखर घातलीस ना? की तेलासारखंच?" दादा हसला. हा विनोद चौतीस वर्षांचा झाला. या वयाचा माणूस दोन पोरांचा बाप असतो.

मी सांगून टाकलं, इंजिन उघडणार आहे. गाडी उभी नाही, चालू करून नेणार.

दादा म्हणाला, "बाबांनी सांगून ठेवलंय, ते इंजिन उघडायचं नाही."

"बाबांना जाऊन वीस वर्षं झाली," ताई म्हणाली. "उघडू दे त्याला. रिटायर होऊन नुसत्या कुटाळक्या करत बसण्यापेक्षा बरं. आधीच जाम आहे, आणखी काय बिघडवणार?"

माझी बाजू घेताना तिला हे असंच जमतं.

१२ फेब्रुवारी

बाबांची हत्यारपेटी काढली. पाने, पक्कड, फट मोजायच्या फिलर पट्ट्या — सगळं जागच्या जागी. फक्त त्यांचा छोटा पेचकस नाही. तो पेटीत कधी नव्हताच. शर्टाच्या खिशात असायचा, पेनासारखा. पात्याचा एक कोपरा उडालेला, तरी कार्बोरेटरचं काम ते दुसऱ्या कशाने करत नसत. आम्हा दोघांनाही त्याला हात लावायची बंदी. ते गेले त्या दिवशी मीच खिशातून काढून त्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवला. डबी दादाच्या कपाटात आहे.

दादाला बंदी घालायची गरज नव्हती. पेचकस कोणत्या बाजूने धरायचा हे त्याला आजही माहीत नसेल. गाडीवर बसायचं, जिंकायचं, उतरायचं. बाकीचं नोकर बघतील. नोकर म्हणजे मी.

दादा चाकांची खुर्ची शेडच्या दारात आणून बसतो. आज मीटर बघायला वायरमन आला होता. त्याला ऐकवलं, "लोक म्हणतात डोळ्यांत तेल घालून काम करावं. याने इंजिनातसुद्धा घातलं नाही." वायरमन हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.

१७ फेब्रुवारी

सिलिंडरमध्ये डिझेल भरून ठेवल्याला पाच दिवस झाले. हलत नाही.

१९ फेब्रुवारी

हललं. लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने टप-टप, तासभर. एकदम सुटलं. सिलिंडर वर ओढला, पिस्टन दिसला, आणि मी फडकं टाकून झाकून ठेवला. छप्पन वर्षांचा माणूस मी. हिंमत झाली नाही.

दादा म्हणाला, "काय झालं? तेल शोधतोयस?"

२० फेब्रुवारी

पिस्टन, सिलिंडर आणि इंजिनाचा खालचा अर्धा भाग गोणपाटात बांधून बोरिंगवाल्याकडे नेला. सिलिंडर आतून घासून नवे करणं हाच त्याचा धंदा, तीन पिढ्यांचा. त्याला काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, हे कशाने झालं असेल?

त्याने पिस्टन उजेडात फिरवला. "पेट्रोल कमी पडलंय. हे बघा, नुसती धुराड्याची बाजू खरवडलीय. माथ्यावर वितळल्याचे फोड. आतून भाजून चिकटलाय."

"तेल नसेल तर?"

"तेल नसेल तर चहूबाजूंनी ओरबाडतो. आणि खालचं बेअरिंग निळं-काळं होतं." त्याने बेअरिंगमध्ये बोट घालून काढलं, माझ्यापुढे धरलं. चिकट, निळसर. "हे काय मध आहे? तेलच आहे की. पिस्टन खोटं बोलत नाही, काका. कोण म्हणालं तेल नव्हतं?"

मी म्हटलं, घरचेच.

"मग घरच्यांना आणा एकदा. बोट घालायला सांगा."

२१ फेब्रुवारी

नऊ तास झोपलो.

२३ फेब्रुवारी

दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, बोरिंगवाला तुझा मित्र. अर्धा पुरावा दिला की तो त्याचा विनोद करतो. पुरा हवा.

पेट्रोल कमी का पडलं? ते कळेल फक्त कार्बोरेटरवरून. तो तर नाही.

२६ फेब्रुवारी

मूळ मापाचा पिस्टन आता जगात कोणी बनवत नाही. होडीच्या इंजिनाचा एक मिळाला, व्यास जुळतो. बोरिंगवाल्याने माथा दोन मिलिमीटर उतरवून दिला. स्पोक सायकलवाल्याने एकेक कापून, आटे पाडून दिले — बहात्तर. सीट गादीवाल्याकडे. त्याने विचारलं, "दोघं बसणार का?" म्हटलं, या सीटवर एकच बसतो. दुसऱ्याने ढकलायचं असतं.

कार्बोरेटरसाठी तीन गावं पालथी घातली. सगळे एकच सांगतात — गिधाडाकडे जा.

२ मार्च

गिधाड म्हणजे जुन्या गाड्यांचा साठेवाला. ऐंशीला टेकलाय. कोणी जुना रेसर गेला की दुसऱ्या दिवशी याचा टेम्पो दारात. घरचे पुढच्या खोलीत रडत असतात, हा मागे शेडमध्ये. पैसे घेत नाही. वस्तूला वस्तू.

मला बघून पहिला प्रश्न, "दादा गेला का?"

"नाही."

"मग कशाला आलास?"

कार्बोरेटर म्हटल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. आत गेला. खोक्यातून मेणकागदात बांधलेली वस्तू आणली, वर चिठ्ठी — सत्तावीस. आमच्याच गाडीचा.

"उघडलेला नाही," म्हणाला. "उघडला की मालाची अब्रू जाते. अपघातानंतर आठ दिवसांनी तुझा बाप घेऊन आला. म्हणाला, घरात नको. बदल्यात काय देऊ विचारलं, तर काही नको म्हणाला. सगळ्या जन्मात मला फुकट देणारा तो एकच माणूस."

मला मात्र फुकट नाही. दादाचा मोठा चषक मागितला. सलग सहा शर्यती जिंकला होता, तो.

"दादा देणार नाही."

"मी दादाला कुठे मागतोय?"

३ मार्च

सकाळी दादाला आंघोळ घालून खिडकीशी बसवलं, आणि त्याची पाठ वळल्यावर चषक पिशवीत घातला. फळीवर बाकीचे थोडे पसरून ठेवले. दुपारपर्यंत कार्बोरेटर माझ्या टेबलावर.

खालची वाटी काढली. जेट काढलं. जेट म्हणजे पितळेचा नखाएवढा तुकडा, मधोमध केसाएवढं भोक. किती पेट्रोल जायचं ते हे भोक ठरवतं. भोकाचं माप वर कोरलेलं असतं. धाकटं जेट टाकलं की गाडी चार-दोन फेऱ्या अशी पळते की बघत राहावं. मग आतून भाजते.

मी बसवलेलं होतं एकशे ऐंशी. माझी त्या वेळची वही आहे. माझ्याच अक्षरात — "१८०. बदलू नये."

आत निघालं एकशे साठ.

जेटच्या डोक्यावरची पेचकसाची खाच एका बाजूने खोल कुरतडलेली, दुसरी बाजू कोरी. कोणीतरी घाईत, धड नसलेल्या हत्याराने फिरवलंय. हातात कसब नसलेला माणूस. जिंकायची घाई असलेला.

दादा.

त्या सकाळी मी पाणी आणायला गेलो होतो, अर्धा तास. तेवढा पुरे. सातव्या दिवशी तो शुद्धीवर आला, आठव्या दिवशी कार्बोरेटर घरातून गेला. खाटेवरून बाबांना हुकूम सोडला असणार. त्याचा शब्द बाबांनी कधी खाली पडू दिला नाही. आणि आठवत नाही म्हणे. विसरायलाही सोय बघतो माणूस. इंजिन उघडू नकोस, उघडू नकोस — का, ते कळलं.

जेट काड्यापेटीत ठेवलं. काड्यापेटी खिशात.

मेलेल्यावर राग काढता येत नाही. जिवंत माणूस शेजारच्या खोलीत आहे, आणि त्याला स्वतःचे मोजे घालता येत नाहीत.

४ मार्च

आज एकच मोजा घातला.

"दुसरा?"

"विसरलो."

दिवसभर एक पाय उघडा. गार फरशी. संध्याकाळी घातला.

८ मार्च, रविवार

चहात साखर घातली नाही. मुद्दाम. ताईच्या कपात होती, माझ्या कपात होती. दादाने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, ताईकडे बघून म्हणाला, "बघ, खरंच विसरला."

मी म्हटलं, "नाही. विसरलो नाही."

ताईने वर बघितलं. दादा तसाच चहा प्यायला.

१३ मार्च

त्याची खिडकीतली वेताची खुर्ची हातभर मागे सरकवली. आता आभाळ दिसतं, रस्ता दिसत नाही. रेडिओचे सेल काढून विजेरीत घातले, शेडमध्ये उजेड लागतो. तो मागत नाही. दोनदा मागितलं असतं तर दिले असते.

कधी कधी भीती वाटते, हे मला किती सहज येतंय त्याची.

१६ मार्च

इंजिन बसवलं. एकशे ऐंशीचं जेट टाकलं, दुसऱ्या एका कार्बोरेटरमधून काढून. नवं पॅकिंग कापलं. पाना फिरवताना दादा दारात होता. मग म्हणाला, "तुझा हात बाबांसारखा चालतो."

चौतीस वर्षांत पहिलं बरं वाक्य. आता. नेमकं आता.

मी म्हटलं, "उन्हातून आत हो. डोकं तापलं की तुझं तोंड गोड होतं."

२२ मार्च, रविवार

फळीवरची रिकामी जागा त्याला दिसली. "मोठा कुठंय?"

"पॉलिशला दिलाय. मेळाव्यासाठी."

त्याला इतका आनंद झाला की ताईला दोनदा सांगितलं. ताईने जाताना मला दारात गाठलं. "तुझं काय चाललंय?"

"गाडी दुरुस्त करतोय."

"ते दिसतंय. बाकीचं विचारतेय."

२५ मार्च

चौथ्या किकला गाडी सुरू झाली. निळा धूर, शेड भरून. दादाने डोळे मिटले आणि मूठ पिळत बसला, खुर्चीच्या दांड्याची. मी बंद केली. म्हणाला, "अजून एकदा."

केली नाही.

२९ मार्च, रविवार

सगळं सविस्तर लिहायचं आहे.

मैदानावर पन्नासेक म्हातारे. कोणी लंगडा, कोणाची बोटं दोन कमी. सगळे खुशीत. दादाला मांडवाखाली बसवलं, गळ्यात हार. शेजारी गाडी — लाल टाकी, नवे स्पोक, सत्तावीस नंबर. मी किक मारली. पहिल्या किकला पेटली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघे-तिघे रडले. धुरानेही असेल.

चिटणीसाने दादाकडे माइक दिला. तो चांगला बोलला. शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाला, "हा माझा धाकटा. गाडी याने उभी केली. मला याने आडवं केलं. काय रे, आज तरी तेल घातलंयस ना?"

हशा. मोठा. त्यात ताईचाही आवाज होता.

मी माइक घेतला. आवाज चढवला नाही. पिस्टन दाखवला, बेअरिंग काय सांगतं ते सांगितलं. मग वही उघडून एकशे ऐंशी वाचलं. मग काड्यापेटी उघडली. जेट पहिल्या रांगेतल्या माणसाच्या तळहातावर ठेवलं. तिथे बसलेल्यांना जेट म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती. हातोहात फिरत गेलं. कोणी चष्मा वर करून बघितलं, कोणी भिंग काढलं. "एकशे साठ," कोणीतरी म्हणालं. मग मागच्या रांगेतून एक आवाज — "म्हणजे याने स्वतःच स्वतःला पाडलं, आणि चौतीस वर्षं भावाला..." वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती.

जेट शेवटी दादाच्या हातात आलं. त्याने ते अंगठ्याने चोळलं.

"मला आठवत नाही," म्हणाला.

"तुला कधी आठवत होतं?"

कोणी हसलं नाही. चिटणीसाने आभार मानले. जेवायला कोणी दादाच्या टेबलाशी बसलं नाही. माझ्याही.

चषक कुठे आहे तेही मी तिथेच सांगणार होतो. विसरलो. हे मात्र खरंच विसरलो.

३० मार्च

दादाला मोजे घालायला गेलो तर त्याने हाताने पाय मागे ओढला. "असू दे."

दुपारी हाक मारली. "मीच केलं असणार रे. सातवी जिंकायची होती मला. झोपेतही तेच दिसायचं." मग, "तुझ्या टीमचं पत्र आलं होतं ना त्या आठवड्यात?"

"हो."

"कोणत्या कंपनीचं होतं? मी कधी विचारलंच नाही."

सांगितलं नाही. म्हटलं, आता काय उपयोग.

१ एप्रिल

ताई मधल्या वारी आली. दादानेच फोन करून बोलावलं. त्याला संस्थेत जायचं आहे, नदीपलीकडच्या. तिथे मोजे घालायला माणसं असतात. "याने खूप केलं," म्हणाला, "केलं ते चुकीच्या हिशेबावर केलं. आता नको."

मी चहा केला. ताईने काही न विचारता प्यायला. साखरेचं नाव नाही.

जाताना म्हणाली, "तुला बरं वाटलं का?"

"हो."

"बरं." चपला घालायला तिला वेळ लागला. "मी हसले होते तिथे. मला ते आठवतं."

५ एप्रिल, रविवार

दादाला सोडून आलो. एक बॅग. चषक एकही नेला नाही. खोलीत तीन पलंग, खिडकी दुसऱ्याच्या वाट्याला. भेटीचा वार बुधवार.

निघताना मी म्हटलं, "येतो." तो म्हणाला, "नाही आलास तरी चालेल. तुझी सुटका झाली."

घरी येऊन रेडिओत सेल घातले. कशाला कोण जाणे.

८ एप्रिल, बुधवार

गेलो नाही.

१५ एप्रिल, बुधवार

गेलो. वाळलाय. तिथल्या बाईने सांगितलं, सगळ्यांना एकच गोष्ट सांगत असतात — मी माझ्या भावाचं आयुष्य खाल्लं. "सुरुवातीला आम्ही ऐकायचो. आता शेजारचे आजोबा कान झाकतात."

ऐकून मला वाईट वाटलं. तितकंच बरंही वाटलं. दोन्ही लिहून ठेवतो, वहीत तरी खोटं नको.

२१ एप्रिल, मंगळवार

दादाची खोली रिकामी करायला घेतली. टेबल तिथे हलवायचं, उजेड चांगला आहे. कपाटात बाबांच्या चष्म्याची डबी निघाली. आत चष्मा, आणि त्याखाली तो छोटा पेचकस. कोपरा उडालेला.

जेट खिशातच असतं, सवय झालीय. काही मनात न आणता पेचकस जेटच्या खाचेला लावला. बसला.

नुसता बसला नाही. कुरतडलेली बाजू त्याच्या शाबूत कोपऱ्याखाली, कोरी बाजू उडालेल्या कोपऱ्याखाली. किल्ली कुलपात बसावी तसा. पुन्हा काढून लावला. दहा वेळा लावला. दुसरे सहा पेचकस लावून बघितले. एकही तसा नाही.

हा पेचकस बाबांच्या खिशातून झोपेतसुद्धा निघत नसे. दादाला तर पेचकस धरता येत नाही, हे मीच फेब्रुवारीत या वहीत लिहिलंय. पान उलटून वाचलं.

म्हणजे मी पाणी आणायला गेलो तेव्हा बाबा गाडीशी होते. पोराला सातवी जिंकून द्यायची होती. ते आधी गाडी घेऊन घरी गेले, मग इस्पितळात आले. तेल नव्हतं, म्हणाले. माझ्याकडे न बघता. चौदा वर्षं माझ्याकडे बघितलं नाही ते रागाने नव्हे. कार्बोरेटर फुकट दिला. भोकात स्वच्छ बोळा कोंबला — चांगल्या मेकॅनिकची सवय, काही केल्या गेली नाही.

मेळाव्यात जेट दादाच्या तळहातावर होतं, ते आठवतंय.

पेचकस पुसून डबीत ठेवला. वर चष्मा.

उद्या बुधवार.

२२ एप्रिल, बुधवार

संस्थेत जाऊन आलो. दादा पलंगाच्या कडेला उघड्या पायांनी बसला होता. डबी माझ्या पिशवीत होती. मी खाली बसून मोजा घातला. त्याने विचारलं, "नक्की मीच ना रे? कधी कधी वाटतं, नसेन."

मी म्हटलं, "तूच."

मग दुसराही मोजा घातला.